टिंग टिंग... मुक्कामी गाडी सुटली!

न्यूझीलंडचं साउथ आयलंड, भाड्याची कॅम्परव्हॅन, दहा दिवस आणि बाराशे किलोमीटर. ड्रायव्हर एक, सूचना देणारे दोन! असाच काहीसा प्लॅन तुमच्याही डोक्यात शिजतोय? मग बुकिंग करण्याआधी हे वाचाच.

जगातले सगळे भारी प्लॅन ठरतात, तसाच हाही ठरला. रात्री अकरा वाजता, कट्ट्यावर, चौघांत दोन कटिंग मारत. ‘कहो ना... प्यार है’ (२०००) बघून ज्या पिढीने न्यूझीलंड नावाचा देश पहिल्यांदा पाहिला, त्या पिढीचे आम्ही अगदी धाकटे मेंबर. त्यामुळे ‘कुठे जायचं’ यावर वाद झालाच नाही. ‘कसं जायचं’ हेही मीच जाहीर करून टाकलं. टूर कंपनीच्या बसमध्ये बसून हात हलवत फिरायचं नाही. कॅम्परव्हॅन घ्यायची. स्वयंपाकघर मागे, बेड मागे, तळं समोर. वाटेल तिथे थांबायचं. फुल टू आझादी!

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एकाचं अप्रेझल आलं, एकीचं लग्न ठरलं, तिसऱ्याचा होम लोनचा हप्ता सुरू झाला. उरले मी, चार जणांची बुक केलेली व्हॅन आणि परत न मिळणारं डिपॉझिट. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशांचा एक मोठा लचका त्यात गेला होता. दोन रात्री तळमळून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी फोन लावला, ‘‘आई, तुम्ही दोघं येता का?’’

इथे एक सांगायला हवं. माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. आता रिटायर्ड. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला आमच्या शोकेसमध्ये माझ्या डिग्रीच्या फोटोच्या वर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी लायसन्स रिन्यू केलं नाही. म्हणजे व्हॅन मी एकटी चालवणार आणि शेजारच्या सीटवर बाबा बसणार. विचार करा, तेंडुलकर नॉन-स्ट्रायकर एंडला उभा आहे आणि बॅटिंग तुम्ही करताय!

हा ड्यूटी चार्ट कोणी मंजूर केला?

मी एक्सेल शीट केली होती, चांगली सहा रंगांत. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, डनिडिन, मग पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्या आणि आर्थर्स पासमार्गे परत. दहा दिवसांत दोन हजारांच्या आसपास किलोमीटर. बाबांनी चष्मा लावला, प्रिंटआउट हातात घेतला आणि दोन मिनिटं नुसता वाचला.

‘‘ड्रायव्हर किती?’’

‘‘एकच. मी.’’

‘‘मग हा ड्यूटी चार्ट कोणी मंजूर केला?’’

झालं! माझ्या सहा रंगांवर त्यांनी बॉलपेनने काट मारली. त्यांचे नियम तीनच. दिवसाला चार तासांच्या वर स्टिअरिंग नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम. आणि दर तिसऱ्या दिवशी गाडी बंद. डनिडिन गेलं, हिमनद्या गेल्या, आर्थर्स पास गेला. मी फणफणले. एवढे पैसे घालवून जायचं आणि अर्धंच बघायचं?

तिथे गेल्यावर त्या हिशेबाची किंमत कळली. साउथ आयलंडचे ‘स्टेट हायवे’ म्हणजे आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे नव्हे. बहुतेक ठिकाणी जायला एक लेन, यायला एक. मधे दुभाजक नाही. गावाबाहेर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, पण साडेतीन टनांहून जड गाडीला ९०. त्यात वळणं, घाट आणि एकाच गाडीपुरते अरुंद पूल. आणि दर दहा किलोमीटरवर आईचं, ‘‘अगं थांब, काय सुंदर आहे!’’ मोबाईलचा नकाशा तीन तास म्हणाला, तर व्हॅनमध्ये चार धरा. हा हिशेब चुकला, की बाकी सगळं चुकतं.

आणखी एक. मार्चमध्ये न्यूझीलंडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतात. विमानातून उतरलं की तासाभरात किल्ली ताब्यात घेऊन निघायचं, असं माझ्या शीटमध्ये होतं. बाबा म्हणाले, ‘‘रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळची गाडी देत नाहीत.’’ म्हणून पहिली रात्र क्राइस्टचर्चच्या साध्या हॉटेलात झोपलो. संध्याकाळी शहरात फेरी मारली. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली. मधल्या चौकांत अजून त्याच्या खुणा दिसतात. त्यानंतर जाड पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेलं कॅथीड्रल २०१३ मध्ये उघडलं, ते मात्र चुकवू नका.

गाडीत संडास? आणि शेजारीच गॅस?

व्हॅन पाहिल्यावर आईचा पहिला प्रश्न हाच होता. साधारण सात मीटर लांब, दोन शेगड्या, टीचभर बेसिन, छोटा फ्रीज, टेबल मोडलं की बेड. आणि हो, एक टॉयलेट.

पण मंडळी, टॉयलेटला नाकं मुरडू नका. न्यूझीलंडमध्ये ‘वाटेल तिथे थांबायचं’ हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. उघड्यावर फुकट मुक्काम करण्यासाठी तिथे २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. आता गाडीला ‘सेल्फ-कंटेन्ड’ दाखला हवा असेल, तर टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं लागतं. सीटखाली सरकवलेला पोर्टेबल डबा चालत नाही. असा दाखला असलेल्या गाडीवर हिरवा स्टिकर असतो. स्टिकर असला तरी त्या त्या गावच्या कौन्सिलने परवानगी दिलेल्या जागीच थांबायचं. चुकलात तर दंड शेकडो डॉलरमध्ये! म्हणजे भाडं कमी म्हणून बिनटॉयलेटची छोटी व्हॅन घेणार असाल, तर रोज रात्री पैसे भरून कॅम्पसाइट घ्यावी लागणार, हे बजेटमध्ये आधीच धरा.

मुक्कामाचे खरे पर्याय दोन. एक, हॉलिडे पार्क. इथे विजेचं कनेक्शन, गरम पाण्याचे शॉवर, मोठं स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन सगळं मिळतं. दुसरा, तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याचे, म्हणजे ‘डॉक’चे कॅम्पसाइट. बहुतेक ठिकाणी साधं टॉयलेट आणि पाणी, बास. पण जागा अशा, की फाइव्ह स्टारवाल्यांनी हेवा करावा. आम्ही एक रात्र डॉक, एक रात्र हॉलिडे पार्क असं आलटून-पालटून केलं. बॅटरी चार्ज होते, पाणी भरता येतं आणि घाण पाण्याची टाकी ‘डम्प स्टेशन’वर रिकामी करता येते. टॉयलेटची कॅसेट कोण रिकामी करणार, यावर मी तासभर भाषणाची तयारी केली होती. बाबांनी हातमोजे घातले, जाऊन आले, हात धुतले आणि विचारलं, ‘‘चहा झाला का?’’ विषय संपला.

लोणचं डिक्लेअर करा!

आईने बॅग भरली म्हणजे काय भरलं असेल, ते सांगायला नकोच. गोडा मसाला, मेतकूट, लोणचं, डिंकाचे लाडू. न्यूझीलंडमध्ये शेतीला कीड-रोग लागू नये म्हणून विमानतळावर जबरदस्त तपासणी होते. जोखमीचा पदार्थ फॉर्ममध्ये लिहिला नाही आणि सापडला, तर जागेवर ४०० डॉलरचा दंड. फळं, बिया, मध, दुधातुपाचे पदार्थ यावर खास नजर. ट्रेकचे बूटसुद्धा माती काढून न्यायचे आणि तेही फॉर्ममध्ये लिहायचे. साधा फंडा असा, शंका आली की ‘होय’वर टिक करा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, दंड होत नाही. आमचे तुपातले लाडू तिथेच राहिले. आईने त्या अधिकाऱ्याकडे असं पाहिलं, की मला त्याचीच दया आली! बाकी तांदूळ, डाळ, हळद, जिरं क्राइस्टचर्चच्या सुपरमार्केटमध्ये आरामात मिळालं. मोठी खरेदी तिथेच उरका. पुढच्या छोट्या गावांत निवड कमी आणि भाव जास्त.

डबल बेल

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पहिल्याच राउंडअबाउटला मागचा ड्रॉवर उघडून डाळ, चमचे आणि चहाची पावडर गाडीभर! तेव्हापासून बाबांनी यादी केली. गॅस बंद. छताची खिडकी बंद. पायरी आत. विजेची केबल काढली. ड्रॉवर लॉक. सगळे बेल्ट लावून बसले. प्रत्येक मुक्कामाहून निघताना ते मोठ्याने वाचायचे आणि सगळं ‘हो’ झालं, की आई मागून ओरडायची, ‘‘टिंग टिंग!’’ तीस वर्षं ड्रायव्हरची बायको होती, कंडक्टर व्हायची हौस न्यूझीलंडला फिटली.

गाडी चालवणं आपल्याला अवघड नाही, कारण तिथेही डावीकडूनच चालवतात. अमेरिका-युरोपात जो मेंदूचा भुगा होतो, तो इथे नाही. सवय करावी लागते ती एक लेनच्या पुलांची. तुमच्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल, तर तुम्ही थांबायचं आणि समोरच्याला येऊ द्यायचं. पाच-सहा गाड्या मागे साचल्या, तर बाजूला जागा बघून त्यांना पुढे जाऊ द्यायचं. हॉर्न जवळपास नाहीच. दुसऱ्या दिवशी बाबांनी गंभीरपणे विचारलं, ‘‘इथल्या गाड्यांना हॉर्न देतात का नाही?’’

टेकापो क्राइस्टचर्चपासून सव्वादोनशे किलोमीटरवर. तळ्याच्या काठावर १९३५ मधलं छोटंसं दगडी चर्च आहे. फोटो सगळेच काढतात, पण टेकापोची खरी मजा रात्री. हा सगळा भाग २०१२ पासून ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे. म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांवरसुद्धा बंधनं. रात्री दहा वाजता दार उघडून बाहेर आलो, तर आकाशगंगा अशी पसरलेली, की आईने आपोआप हात जोडले.

पुढे पुकाकी तळं. पाण्याचा रंग पाहून वाटतं, कोणीतरी फोटोशॉप केलंय. हिमनदी खडक घासत पुढे सरकते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर उन्हाची किरणं विखुरतात, म्हणून हा निळा-हिरवा रंग. तळ्याच्या कडेकडेने जाणारा रस्ता थेट ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकी, म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी नेतो. तिथला व्हाइट हॉर्स हिल हा डॉकचा कॅम्पसाइट. तिथून ‘किआ पॉइंट’ला चालत जाऊन यायला साधारण तास लागतो. आईचे गुडघे घेऊनही जमलं. समोर हिमनदी आणि मधूनच बर्फ कोसळल्याचा गडगडाट. इथे आम्ही दोन रात्री राहिलो. गाडी बंद! माझ्या मूळ शीटमध्ये या जागेला तीन तास होते.

मग लिंडिस पासमार्गे वानाका आणि तिथून क्राउन रेंजच्या १,०७६ मीटरच्या खिंडीतून क्वीन्सटाउन. उतारावर लो गिअर लावून ब्रेकला आराम कसा द्यायचा, हे मी बाबांकडून तिथे शिकले. भाड्याच्या करारात कुठले रस्ते बंद आहेत, ते नक्की वाचा. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅनियनचा रस्ता त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. तिथे गाडी घातली की विमा खल्लास.

ड्यूटी संपली

आता खरी गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे.

ते आनाउमधल्या हॉलिडे पार्कमध्ये आम्ही दोन रात्रींचे पैसे भरले होते. तिथून मिलफर्ड साउंड १२० किलोमीटर. ‘जाऊन-येऊन अडीचशेसुद्धा नाही, एका दिवसात होतं,’ असं मीच ठरवलं. सकाळी लवकर निघालो. डिझेल ते आनाउमध्येच फुल केलं आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घेतला, कारण पुढे मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही. वाटेत होमर बोगदा लागतो. १९३५ मध्ये खोदायला घेतलेला, १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झालेला. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, आत नुसता कापलेला काळा खडक आणि मिलफर्डच्या बाजूला तीव्र उतार. बोगद्याच्या तोंडाशी ‘किआ’ नावाचे डोंगरी पोपट येतात आणि गाड्यांची रबरं कुरतडतात. त्यांना खायला द्यायला बंदी आहे. त्यांना अर्थात कशालाच बंदी नाही.

मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या आंबोलीचीच आठवण येते. आम्हालाही धो धो पाऊस मिळाला आणि तेच नशीब! बोटीतून पाहिलं, तर प्रत्येक कड्यावरून धबधबे. दीडशे मीटरचा स्टर्लिंग फॉल्स अंगावर घेतला. तिघंही चिंब. बाबा लहान मुलासारखे हसत होते.

परत निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. हीटर चालू, वायपरची लय, आई मागे पेंगलेली. बोगदा पार केला, घाट उतरले, एग्लिंटनच्या दरीत रस्ता सरळ झाला. आणि मला आठवतंय ते एवढंच, की डावीकडच्या चाकाखाली खडी वाजली.

बाबा ओरडले नाहीत. स्टिअरिंगला हात लावला नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, ‘‘इंडिकेटर दे. हळू घे. बाजूला थांब.’’

मी थांबले. हात थरथरत होते. म्हटलं, पाच मिनिटं द्या, कॉफी पिते. पाऊण तास राहिलाय, पैसे भरलेत तिथे.

‘‘ड्यूटी संपली,’’ बाबा म्हणाले.

पाच मिनिटांच्या अंतरावर डॉकचा एक कॅम्पसाइट होता. नशिबाने जागा शिल्लक होती. नियमाप्रमाणे पैसे भरले. ते आनाउचे पैसे अर्थात बुडाले. आईने मुगाची खिचडी टाकली. बाहेर पाऊस, आत कुकरची शिट्टी. जेवणं झाल्यावर बाबा एकदम म्हणाले, ‘‘मला पण एकदा लागली होती. पसरणी घाटात.’’

मी नुसती बघत राहिले.

आदल्या रात्री मुक्कामी गाडी घेऊन गेले होते. तुमच्यापैकी जे गावाकडचे आहेत, त्यांना माहीत असेल. संध्याकाळची शेवटची एसटी गावात मुक्कामाला थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. त्या रात्री गावात जत्रा होती. बाबा तमाशा बघत पहाटेपर्यंत जागले. ‘‘चूक माझीच. दोन सेकंद गेले असतील. डोळे उघडले तर कठडा समोर. गाडीत पन्नासेक माणसं. कुणाला कळलं पण नाही. कंडक्टरला पण नाही.’’

आई म्हणाली, ‘‘मला पण सांगितलं नाहीत कधी.’’

‘‘सांगण्यासारखं होतं का? तो बिल्ला दिला ना, तेव्हा पण तेच आठवत होतं.’’

लहानपणी आठवड्यातल्या दोन-तीन रात्री बाबा घरी नसायचे. मुक्कामी गाडीवर. मला त्याचा जाम राग यायचा. गॅदरिंगला नाहीत, वाढदिवसाला नाहीत. कुठल्या तरी गावाच्या पारापाशी, गाडीतल्या बाकड्यावर माझा बाप कसा झोपत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री विचारलं. पाऊस छतावर वाजत होता आणि बाबा सांगत होते. कुठल्या गावात कोण भाकरी आणून द्यायचं, कुठे विंचू निघायचे, कुठल्या पुलावर पाणी चढलं की रात्रभर गाडीतच अडकायचं. शेवटी उशी नीट करत म्हणाले, ‘‘ही पण मुक्कामीच गाडी. फक्त गादी चांगली आहे.’’

सकाळी पाऊस थांबला होता. सगळी दरी सोनेरी गवताची आणि दोन्ही बाजूंना धुक्यातून वर आलेले डोंगर. ते आनाउला मुक्काम केला असता, तर ही सकाळ दिसलीच नसती. चाव्या घेऊन मी सीटवर बसले. बाबांनी यादी वाचली. गॅस, खिडकी, पायरी, ड्रॉवर, बेल्ट. आणि आज त्यात एक नवीन कलम होतं.

‘‘ड्रायव्हरची झोप?’’

‘‘झाली,’’ मी म्हटलं.

मागून आवाज आला, ‘‘टिंग टिंग!’’

गाडी सुटण्याआधी

कधी जाल : तिथले ऋतू आपल्या उलट. डिसेंबर-जानेवारीत तिथे उन्हाळा आणि शाळांच्या सुट्ट्या, त्यामुळे गर्दी आणि भाडं दोन्ही कळसाला. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बेस्ट. जून ते ऑगस्ट बर्फ, त्यामुळे नवख्या ड्रायव्हरने टाळावं.

कागदपत्रं : व्हिजिटर व्हिसा ऑनलाइन मिळतो. त्यासोबत भरायची पर्यटक लेव्ही १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० न्यूझीलंड डॉलर झाली आहे. इंग्रजीत छापलेलं मूळ लायसन्स चालतं. तरीही आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून जवळ ठेवा. किमान वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी, बुकिंगआधी विचारा.

विमा : भाडं कमी दिसलं की ‘एक्सेस’ किती ते बघा. म्हणजे अपघात झाल्यास तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. ती काही हजार डॉलर असू शकते. काच, टायर, छत आणि गाडीचा खालचा भाग विम्यात येतो का, हे लेखी घ्या.

छुपा खर्च : डिझेल गाडीला किलोमीटरमागे रोड युजर चार्ज वेगळा लागतो. व्हॅन एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली, तर त्याचे वेगळे पैसे लागू शकतात.

गाडी ताब्यात घेताना : चारही बाजूंनी, छतासकट व्हिडिओ काढा. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरायचंच.

सोबत हवंच : ऑफलाइन नकाशे, कॅम्पसाइट दाखवणारं ‘कॅम्परमेट’सारखं अॅप, रेनकोट, सनस्क्रीन आणि सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांसाठी मलम. इमर्जन्सी नंबर १११.

आधी ट्रायल : एवढी मोठी उडी मारण्याआधी एखादा वीकेंड आपल्याकडेच कॅम्परव्हॅन घेऊन बघा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. आणि हो, घरात कुणी रिटायर्ड ड्रायव्हर असेल, तर शेजारची सीट त्यांनाच द्या.